आवाजावरून इलेक्ट्रिक गिटार कशी निवडावी

वर्षभर अकूस्टिक वाजवून बोटं तयार झाली की पुढची ओढ इलेक्ट्रिककडे असते. नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडको, नाशिक रोडपर्यंत गिटार शिकणारी मुलं आहेत, आणि त्यांतली बरीचशी पहिली इलेक्ट्रिक रंग आणि आकार पाहून घेतात. काळी चकचकीत, टोकदार शिंगांची गिटार घरी येते, आणि मग जुन्या हिंदी गाण्यांतला तो स्वच्छ, किणकिणता आवाज काही केल्या तिच्यातून निघत नाही. गिटार खराब नसते. ती त्या आवाजासाठी बनवलेलीच नसते.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ नुसती ऐकण्यात घालवा. तुम्हाला स्वतःला जी पाच-सहा गाणी वाजवायची आहेत ती हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात खर्जाकडचे स्वर जवळजवळ गायबच होतात. प्रत्येक गाण्यातल्या गिटारचा आवाज कसा आहे ते आपल्या शब्दांत कागदावर लिहा: खणखणीत, किणकिणता, भरदार, मऊ, रांगडा, नाकातला. बोदा किंवा चिरका वाटला तर तेही लिहा, कारण काय नको हे कळणंही तेवढंच उपयोगाचं असतं. आवाज स्वच्छ आहे की फाटलेला, म्हणजे डिस्टॉर्शनचा, याची वेगळी नोंद करा. सहापैकी चार गाण्यांपुढे एकच शब्द आला, तर निम्मी निवड झाली.

पिकअप: आवाजाचं मूळ

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज सर्वांत जास्त कशाने ठरत असेल तर पिकअपने. चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे, एवढीच त्याची रचना. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. ही वीज अगदी क्षीण असते. ॲम्प ती मोठी करतो. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल टिपतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर इलेक्ट्रिक गिटार मुकी होते ती याच कारणाने.

पिकअपचे मुख्य प्रकार तीन. सिंगल कॉइल म्हणजे एकच गुंडाळी. फेंडर कंपनीची टेलिकास्टर (१९५० साली ब्रॉडकास्टर नावाने आली आणि १९५१ पासून टेलिकास्टर झाली) आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) या दोन गिटारींनी हा आवाज जगभर नेला. तार छेडल्याबरोबर येणारा टणत्कार, वरच्या स्वरांत चमक, आणि कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येणं ही त्याची खूण. उणीव अशी, की ही गुंडाळी तारेबरोबरच खोलीतल्या विजेची गुणगुणही टिपते.

ती गुणगुण घालवण्यासाठी गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर बनवला आणि १९५७ पासून तो लेस पॉल गिटारवर बसू लागला. यात दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी असतात. एकीचे वेढे दुसरीच्या उलट आणि चुंबकाचा ध्रुवही उलट, त्यामुळे बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. याच रचनेमुळे आवाजाचा पोतही बदलतो. दोन गुंडाळ्या एकापुढे एक जोडल्या की टिपेची धार कमी होते. शिवाय तारेच्या एका बिंदूऐवजी थोडी रुंद जागा ऐकली जाते, त्यात अगदी वरचे उपस्वर काहीसे कापले जातात. निघतो तो भरदार, गोल, लांब टिकणारा आवाज. ॲम्पला तो जोरात ढकलतो, म्हणून रॉक आणि मेटलवाल्यांची ही पहिली पसंती.

तिसरा पी-नव्वद. गिब्सनने तो १९४६ मध्ये आणला. गुंडाळी एकच, पण रुंद आणि चपटी, वेढेही जास्त. स्ट्रॅटपेक्षा जाड, हंबकरपेक्षा मोकळा, मधल्या पट्टीत रांगडा. आमच्या मते हा सर्वांत दुर्लक्षित पिकअप आहे. ज्यांच्या कागदावर 'खणखणीत' आणि 'भरदार' दोन्ही शब्द आले असतील त्यांनी तो ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये. गुणगुण मात्र त्यालाही आहे.

दुकानदार 'हाय आउटपुट पिकअप आहे' म्हणाला तर खिशातल्या मल्टिमीटरने खातरजमा करता येते. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, एकच पिकअप निवडा आणि केबलच्या मोकळ्या जॅकच्या टोकाला व दांड्याला मीटरच्या दोन पिना लावून २० किलोओहमच्या पट्ट्यावर वाचन घ्या. स्ट्रॅटच्या जातीचा सिंगल कॉइल साधारण ५.५ ते ७ दाखवतो, जुन्या धाटणीचा हंबकर ७ ते ८.५, आणि जोरकस हंबकर १३ ते १६ किंवा त्याहून जास्त. आकडा जसा वाढेल तसा आवाज जाड आणि टिपेला मंद होत जातो. ही तुलना एकाच जातीच्या पिकअपमध्ये करा. सिंगल कॉइलचे ६ आणि हंबकरचे ८ शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण तारेची जाडी आणि चुंबक वेगळे असतात. मीटरने काहीच धड आकडा दाखवला नाही आणि गिटारच्या पाठीमागे ९ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा असेल, तर पिकअप ॲक्टिव्ह आहे. अशा गिटारीत जॅक लावून ठेवला की बॅटरी संपत राहते आणि संपत आली की आवाज फाटतो. नवशिके तो दोष पिकअपचा समजतात.

चुंबकाबद्दल थोडंसं. अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू) पाच हा नेहमीचा. अल्निको दोन कमी जोराचा आणि म्हणून मऊ. स्वस्त गिटारींत सिरॅमिक चुंबक असतो, तो कडक आणि जोरकस वाजतो. सिरॅमिक म्हणजे वाईट असं नाही, मेटलसाठी तो मुद्दाम निवडतात. पण कागदावर 'मऊ', 'गोड' लिहिलं असेल तर स्वस्त सिरॅमिक सिंगल कॉइल वरच्या तारांवर चिरका वाटण्याचा संभव मोठा.

तोच पिकअप, जागा वेगळी

ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, तार कमी हलते आणि उपस्वर जास्त असतात, म्हणून तिथला पिकअप टोकदार. नेककडे तार मोकळी झुलते, म्हणून तिथला गोल आणि मऊ. स्ट्रॅटमध्ये पाच खाचांचा स्विच असतो. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन शेजारचे पिकअप एकत्र वाजतात आणि तो काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणता, किंचित पोकळ आवाज येतो. १९७७ पर्यंत स्ट्रॅटला तीनच खाचा होत्या. वादक स्विच मधेच अडकवून हा आवाज काढत, तेव्हा कुठे कंपनीने पाच खाचा दिल्या. ज्यांना हा आवाज हवा आहे त्यांनी दोन हंबकरच्या गिटारीत तो शोधत बसू नये. कॉइल स्प्लिट, म्हणजे हंबकरची एक गुंडाळी बंद करण्याची सोय, त्याच्या जवळपास नेते, पण आवाज एकदम बारीक आणि हळू होतो.

चोवीस फ्रेटच्या गिटारी दिसायला आकर्षक, पण दोन जास्तीच्या फ्रेटना जागा द्यायला नेकचा पिकअप ब्रिजकडे सरकवावा लागतो. बावीस फ्रेटच्या गिटारीचा तो दाट, बासरीसारखा नेक पिकअप चोवीसवाल्यांत तसाच मिळत नाही. वरच्या फ्रेटवर वेगवान वाजवायचं असेल तर चोवीस घ्या. भावगीतामागे मऊ सूर लावायचे असतील तर बावीस.

लांबी, लाकूड आणि नॉब

नटपासून (हेडजवळ तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. फेंडर घराण्याची २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सन घराण्याची साधारण २४.७५ इंच. फरक पाऊण इंचाचा, पण तोच सूर लावायला लांब स्केलवर ताण सुमारे ६ टक्के जास्त लागतो. लांब स्केल कडक आणि सुस्पष्ट वाजतं. आखूड स्केलवर तार मऊ लागते आणि मींड घेणं, म्हणजे बेंड, सोपं जातं. सतारीसारखी लांब मींड गिटारवर घ्यायची हौस असेल तर आखूड स्केल बोटांना सुखाचं. उलट खालची तार डी किंवा सीपर्यंत उतरवून वाजवायची असेल तर लांब स्केल घ्या, आखूडवर ती तार लोळते.

लाकडावर दुकानात सर्वांत जास्त बोललं जातं, आणि आवाजात त्याचा वाटा सर्वांत कमी. महोगनी, आल्डर, ॲश, बासवुड, पॉप्लर यांनी गिटारचं वजन ठरतं, तिचा दांडगेपणा ठरतो, तार किती वेळ गुंजेल यावर थोडा परिणाम होतो. पण पिकअप, तारा, ॲम्प आणि स्पीकर यांच्यापुढे तो फरक लहान आहे. महोगनीच्या नावाखाली जास्तीचे पैसे मागितले तर ते पैसे ॲम्पमध्ये घाला. वजनाकडे मात्र लक्ष द्या: चार किलोच्या पुढची गिटार दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा भरून आणते.

नॉबच्या मागे दडलेले दोन आकडे विचारून घ्या. सिंगल कॉइलच्या गिटारीत व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट (नॉबखालचे फिरते रोधक) २५० किलोओहमचे असतात, हंबकरच्या ५०० चे. मोठा आकडा म्हणजे टिपेचे स्वर जास्त मोकळे. हंबकरला २५० लावले तर आवाज बोदा होतो, सिंगल कॉइलला ५०० लावले तर चिरका. स्वस्त गिटारीत ही अदलाबदल सापडते आणि पिकअपला उगाच दोष जातो. पॉट बदलणं हे सोल्डरिंग येणाऱ्या कुणालाही तासाभराचं काम आहे. टोनचा कपॅसिटर हंबकरला सहसा ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो, सिंगल कॉइलला ०.०२२ किंवा ०.०४७, आकडा मोठा तर नॉब शून्यावर नेल्यावर आवाज जास्त काळवंडतो.

काय वाजवणार, त्यावरून

ऑर्केस्ट्रात आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्यांना एकाच रात्री लावणीपासून रॉकपर्यंत सगळं लागतं. त्यांनी एचएसएस मांडणीची गिटार घ्यावी: ब्रिजला हंबकर, मध्ये आणि नेकला सिंगल कॉइल. यात प्रत्येक आवाज शंभर नंबरी नसतो, पण कोणत्याच गाण्याला अडत नाही. पहिल्या गिटारसाठीही आमचा सल्ला हाच.

भावगीत, अभंग, गझलेमागे वाजवायचं असेल तर नेकचा पिकअप महत्त्वाचा. सिंगल कॉइल असेल तर टोनचा नॉब ५ ते ७ वर ठेवून ऐका. गायकाच्या शब्दांवर चढणारी धार तिथे निघून जायला हवी. ब्लूजसाठी स्ट्रॅट किंवा पी-नव्वद. मेटलसाठी दोन हंबकर आणि हलणारा ब्रिज नसलेली गिटार. फ्लॉइड रोझ जातीचा (तारा घट्ट जखडणारा, हलणारा) ब्रिज पहिल्या गिटारला टाळाच, एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात आणि तार बदलायला अर्धा तास जातो.

आणि ढोल. नाशिक ढोलाबरोबर फ्यूजन करणारे गट आता बरेच झाले आहेत, पण गिटारवाल्यांची एक चूक ठरलेली असते. घरी एकट्याने वाजवताना भारदस्त वाटणारा, बास वाढवलेला आणि मधली पट्टी कापलेला आवाज घेऊन ते ढोलाशेजारी उभे राहतात आणि ऐकूच येत नाहीत. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची. तो सगळा प्रदेश ढोलाने व्यापलेला असतो, आणि ताशाने वरचा. गिटारला उरते ती मधली पट्टी. ब्रिजचा पिकअप, पी-नव्वद किंवा टेलिकास्टर, ॲम्पवर बास निम्म्याखाली, मिडल वाढवलेला, गेन (आवाज फाडणारा नॉब) कमी: असा आवाज घरी एकटा ऐकला तर नाकातला वाटतो, पण मिरवणुकीत तोच वाट काढतो.

दुकानात ऐकायचं कसं

नाशिकच्या दुकानांत हाताळायला मिळणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारी मोजक्याच असतात, अकूस्टिक जास्त. पर्याय पाहायचे असतील तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून मुंबईत धोबी तलावच्या बाजूची वाद्यांची दुकानं करून संध्याकाळी परतता येतं. एका दिवसासाठी तीनच गिटारी ठरवून जा. चौथ्या-पाचव्या गिटारपर्यंत कान थकलेले असतात आणि शेवटची मोठ्याने वाजलेली तीच चांगली वाटते. शनिवार-रविवार टाळा. सोबत स्वतःची केबल, पिक, ट्यूनर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणि गिटार वाजवणारा एक मित्र न्या.

आधी ॲम्पशिवाय. गिटार सुरात लावा आणि प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत एकेक सूर सावकाश वाजवा. एखाद्याच जागी सूर लगेच मरत असेल तर ती जागा लक्षात ठेवा. असा मेलेला सूर नंतर कुठल्याही सेटिंगने पूर्ण बरा होत नाही. जवारीसारखी झणझण सगळीकडे थोडी येत असेल तर ते सेटिंगचं काम आहे, एकाच जागी येत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट वर उचललेला आहे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर जुळतात का पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे न्यावं लागेल, उतरा असेल तर पुढे. सॅडल आधीच टोकाला गेलं असेल तर ती गिटार सोडा.

मग ॲम्प. घरी जो ॲम्प वापरणार त्याच प्रकारचा मागा. क्लीन चॅनेल, रिव्हर्ब आणि सगळे इफेक्ट बंद, बास-मिडल-ट्रेबल मधोमध. दुकानदार प्रेमाने गेन आणि डिले लावून देतो. ते बंद करायला सांगण्यात संकोच नको, कारण गेनखाली सगळ्या गिटारी एकमेकींच्या बहिणी वाटतात. प्रत्येक पिकअपवर तेच तीन तुकडे वाजवा: मोकळ्या तारांची एक कॉर्ड, मधल्या पट्टीत सावकाश चार सूर, आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे एक लांब बेंड. कॉर्डमध्ये सहाही तारा सुट्या ऐकू येतात का? बेंडचा सूर बारीक होऊन निघून जातो की भरलेला राहतो?

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच खरी पारख असते. गिटारवरचा व्हॉल्यूम १० वरून ७ वर, मग ५ वर आणा. चांगल्या गिटारीत आवाज लहान होतो, स्वच्छ होतो, पण धार बरीचशी टिकते. काहींत ७ वरच कांबळं पांघरल्यासारखा होतो. लहान कपॅसिटर आणि रेझिस्टरचं ट्रेबल ब्लीड लावून हे सुधारता येतं, पण किंमत ठरवताना ते धरा. टोनचा नॉब शून्यापर्यंत सावकाश फिरवा. फरक सगळ्या फेरीत हळूहळू पडायला हवा, शेवटच्या एका टोकावर एकदम नव्हे. खरखर आली तर पॉटमध्ये धूळ आहे, इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते. गेन लावून ऐकायचं ते सर्वांत शेवटी.

दोन गिटारींची तुलना करताना ॲम्पचा व्हॉल्यूम जुळवून घ्या. कान जो आवाज मोठा त्यालाच चांगला म्हणतो, आणि हंबकर सिंगल कॉइलपेक्षा आपोआप मोठा असतो. जुळवून झालं की पाठ फिरवून उभे राहा आणि मित्राला दोन्ही आलटून पालटून वाजवायला सांगा. पाठमोरं ऐकताना किंमत आणि रंग दिसत नाही. मोबाइल ॲम्पपासून एक मीटरवर ठेवून दोन्ही रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानांनी ऐका.

दोन गोष्टी इथे फसवतात. दुकानातल्या गिटारीच्या तारा महिनोन्महिने जुन्या असतात. गंजकट तारेवर कोणतीही गिटार बोदी वाजते. गिटार जवळजवळ पसंत असेल तर नव्या तारा लावून ऐकवा म्हणावं, त्यांचे पैसे आपण द्यावेत. तारेची जाडीही विचारा: नऊचा सेट (सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची) चपळ आणि बारीक, दहाचा मध्यम, अकराचा जाड. दुसरी फसवणूक केबलची. केबल जितकी लांब तितके टिपेचे स्वर वाटेत गळतात. दुकानातल्या १ मीटरच्या केबलवर चमकदार वाटलेली गिटार रंगमंचावर ६ मीटरच्या केबलवर मंद होते, म्हणून स्वतःची ३ ते ६ मीटरची केबल न्यायची.

पैशांची वाटणी

सगळे पैसे गिटारवर घालवून उरलेल्यात ६ इंची स्पीकरचा ॲम्प घेतला तर लेस पॉलही रेडिओसारखी वाजते. साधारण निम्मे गिटारला, तिसरा हिस्सा ॲम्पला, बाकी केबल, तारा, पट्टा, ट्यूनर आणि सेटिंगला, अशी वाटणी ठेवा. सराव आणि लहान कार्यक्रम दोन्ही सांभाळायचे तर स्पीकर किमान ८ इंच, जमल्यास १० किंवा १२. फ्लॅटमध्ये रात्री वाजवणाऱ्यांना हेडफोनची सोय लागते. तिथे स्पीकर कॅबिनेटची नक्कल करणारा ॲम्प किंवा सॉफ्टवेअर हवंच. त्याशिवाय डिस्टॉर्शन थेट हेडफोनमध्ये घेतलं तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं ऐकू येतं, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गाळून टाकत असतो आणि हेडफोन गाळत नाही.

घरची वीज आणि गुणगुण

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर येते. जुन्या नाशिकमधल्या वाड्यांत आणि पंचवटीतल्या जुन्या इमारतींत अर्थिंग नसलेले दोन भोकांचे सॉकेट अजून सापडतात. तिथे सिंगल कॉइल घेण्याआधी वीजतंत्रीला बोलावून अर्थिंग करून घ्या. हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही: अर्थिंग नसलेल्या ॲम्पला लावलेल्या गिटारच्या तारेवर बोटं आणि माइकला ओठ लागले तर जोराचा झटका बसू शकतो. ॲम्पच्या तीन पिनांतली अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तर तो कधीही करू नका.

गुणगुण तपासायची ती अशी. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर गिटार ठीक आहे, तारा अर्थला जोडलेल्या असतात म्हणून तसं होतं. हात लावल्यावर वाढली तर केबल, सॉकेट किंवा आतली जोडणी चुकलेली आहे. गिटार हातात धरून जागेवर गोल फिरा. सिंगल कॉइलची गुणगुण एका दिशेला जवळजवळ नाहीशी होते. स्ट्रॅटच्या दुसऱ्या-चौथ्या खाचेत ती पडली तर मधला पिकअप उलट गुंडाळीचा आहे, ही चांगली गोष्ट. पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, चोकची ट्यूबलाइट आणि मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद करून पाहा, अपराधी सापडतो. नाट्यगृहाच्या रंगमंचावर, कालिदास कलामंदिर असो की कॉलेजचा हॉल, दिव्यांच्या डिमरवर आपला ताबा नसतो. वरचेवर रंगमंचावर उभं राहणाऱ्याने ब्रिजला हंबकर ठेवण्याचं हे एक मोठं कारण.

जुनी घेताना

वापरलेली गिटार आवाजाच्या हिशोबाने फायद्याची ठरते, त्याच पैशांत वरच्या दर्जाचे पिकअप मिळतात. जाड्या तारेचा पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट पाहा. व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर, योग्य. फटच नसेल किंवा कार्डाच्या दुप्पट असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळी) फिरतो का ते मालकासमोर पाव फेरी फिरवून पाहा. अडकलेला ट्रस रॉड म्हणजे व्यवहार बंद. नेक हेडच्या बाजूने बंदुकीच्या नळीसारखा न्याहाळा. पिळलेला नेक दुरुस्त होत नाही. पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खोल खाचा पाडल्या असतील तर फ्रेट घासण्याचा किंवा बदलण्याचा खर्च धरा. शेवटी प्रत्येक पिकअपवर लहान स्क्रू-ड्रायव्हरने हलकं टिचकवा, स्विचच्या सगळ्या खाचा फिरवा. एखादा पिकअप मुका किंवा इतरांपेक्षा फारच बारीक असेल तर गुंडाळी तुटलेली असू शकते.

घरी आणल्यावर

घरी आणलेली गिटार दोन-तीन दिवस खोलीत राहू द्या आणि मगच सेटिंगला हात लावा. नाशिकची हवा वर्षात मोठा पल्ला गाठते. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, नेक वाकतो, तारा वर उचलतात आणि चार आठवड्यांत गंजतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला हाताला टोचू लागतात. पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता गिटारला मानवते. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, उन्हाळ्यात गिटार बंद मोटारीत कधीही ठेवू नका, आणि दिवाळीनंतर थंडी पडली की एकदा ट्रस रॉड आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, तपासा. बाराव्या फ्रेटवर जाडी तार २ मिलिमीटर आणि बारीक तार १.६ मिलिमीटर उंच, ही सुरुवातीची मापं.

सगळ्यात शेवटी पिकअपची उंची लावा, फुकटात आवाज बदलण्याचा हा सर्वांत मोठा उपाय आहे. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खांबापर्यंत पट्टीने मोजा. सिंगल कॉइलला जाड्या तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर. हंबकरला नेककडे २.४, ब्रिजकडे १.६. इथून एका वेळी स्क्रूची अर्धी फेरी देत जा आणि दर वेळी वाजवून ऐका. वर घ्याल तसा आवाज मोठा आणि आक्रमक होतो, खाली न्याल तसा मोकळा आणि गोड. सिंगल कॉइल फार वर गेला तर त्याचा चुंबक तारेलाच ओढतो: बाराव्या फ्रेटच्या पुढे जाडी तार थरथरत दोन सुरांत वाजते आणि काही केल्या सुरात लागत नाही. असं झालं तर ट्यूनर बाजूला ठेवा आणि पिकअप आधी खाली उतरवा. नेकचा आणि ब्रिजचा आवाज स्विच फिरवल्यावर सारख्याच जोराचा ऐकू येईपर्यंत हे चालू ठेवा, त्या उंचीची मापं गिटारच्या केसमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी तारांची जाडी बदलली की ती पुन्हा मोजा.